स्टॉपर कसा घडवावा आणि त्याची कारकीर्द कशी टिकवावी

गावच्या फुटबॉल टीममध्ये ज्याला ड्रिबलिंग जमत नाही त्याला बॅकला, म्हणजे मागे बचावाला, उभा करायची पद्धत पडली आहे. चपळ पोरगा पुढे, दांडगा पोरगा मागे. इथेच पहिली चूक होते, कारण स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधे उभा राहणारा बचावपटू, घडवावा लागतो. फाबियो कानावारोची उंची 1 मीटर 76 सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या कॉलेज टीममधल्या कुठल्याही मुलाएवढी. 2006च्या वर्ल्ड कपमध्ये तो इटलीचा कप्तान होता आणि सात सामन्यांत इटलीवर फक्त दोन गोल झाले, त्यातला एक सेल्फ गोल आणि दुसरा पेनल्टी. त्या वर्षीच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बालोन द'ऑर पुरस्कार या स्टॉपरला मिळाला. स्पेनचा स्टॉपर कार्लेस पुयोलही 1.78चाच. या लोकांकडे उंचीपेक्षा मोठं भांडवल होतं ते बॉल कुठे पडणार हे आधी कळण्याचं, आणि ते शिकवता येतं. चिपळूण, मालवण, सावंतवाडी, म्हापसा कुठेही शिकवता येतं, फक्त कोकणची जमीन आणि कोकणचा पाऊस लक्षात घेऊन शिकवावं लागतं.

पोरगा निवडताना

30 बाय 20 मीटरच्या जागेत पाच-पाच जणांचा खेळ लावा आणि दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघा, तेही त्याच्याकडे बॉल नसताना. तो मान वळवून पाठीमागे किती वेळा बघतो ते मोजा. चांगला स्टॉपर बॉल लांब असतानाच दर तीन-चार सेकंदांनी मागे नजर टाकतो. ज्याची नजर बॉलला चिकटून राहते त्याच्या पाठीमागून माणूस निसटतो, मग तो कितीही वेगवान असो. दुसरी गोष्ट, तो बोलतो का. "मागे माणूस", "सोड", "वर चल" एवढे तीन शब्द ओरडणारा मुलगा गप्प राहणाऱ्या दांडग्या मुलापेक्षा कधीही बरा.

दोन्ही पाय चालायला हवेत. इटलीचा पावलो मालदिनी मूळचा उजव्या पायाचा, पण वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक खेळला आणि पुढे मधे स्टॉपर झाला. 20 जानेवारी 1985 रोजी सोळाव्या वर्षी तो मिलानकडून पहिला सामना खेळला आणि 2009मध्ये थांबला तेव्हा त्या एका क्लबसाठी त्याचे 902 सामने झाले होते. दुबळा पाय चालता करायला भिंत पुरते: पाच मीटरवरून रोज 50 पास, फक्त त्या पायाने, पायाच्या आतल्या बाजूने. गिलावा केलेल्या भिंतीवर अचूकपणा येतो. चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, बॉल वाकडातिकडा परततो, तिथे पाय पटकन हलवायची सवय लागते. दोन्हीवर मारायला लावा.

अडवून धरणं

बचावाची मुळाक्षरं इथे आहेत. समोरून माणूस बॉल घेऊन येतोय. नवखा पोरगा धावत जाऊन थेट पाय घालतो आणि पुढचा त्याला चुकवून निघून जातो. करायचं असं: पहिले आठ-दहा मीटर जोरात धावा, शेवटचे तीन मीटर बारीक पावलं टाकत वेग मारा आणि साधारण दीड मीटरवर थांबा. अंग तिरकं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. नजर बॉलवर. समोरच्याचे खांदे आणि कंबर फसवतात, बॉल फसवत नाही. मग त्याच्याबरोबर मागे सरकत राहायचं आणि त्याला साइडलाइनकडे किंवा त्याच्या दुबळ्या पायाकडे ढकलत न्यायचं.

समोरासमोर, पाय फाकवून उभं राहिलं की दोन गोष्टी होतात. बॉल पायांमधून जातो, आणि मागे वळायला कंबर पूर्ण फिरवावी लागते. तेवढ्या वेळात आघाडीपटू दोन पावलं पुढे गेलेला असतो. तिरकं उभं राहिल्यावर अर्धं वळण आधीच झालेलं असतं.

सरावासाठी 15 मीटर लांब, 10 मीटर रुंद पट्टा आखा. चुन्याची फक्की नसेल तर नारळाच्या करवंट्या उपड्या ठेवा, पण पट्ट्याच्या बाहेर एक पाऊल, नाहीतर घोटा मुरगळतो. स्टॉपरने स्वतः पास द्यायचा आणि लगेच पुढे जाऊन अडवायचं. एक फेरी आठ सेकंदांची, मध्ये चाळीस सेकंद विश्रांती, सहा फेऱ्या. पहिला आठवडा बॉल हिसकावायला बंदी ठेवा, फक्त आठ सेकंद उशीर लावायचा. ही बंदी मुलांना आवडत नाही, पण संयम तिच्यातूनच येतो. दुसऱ्या आठवड्यात एकाच क्षणी पाय घालायची मुभा द्या: समोरच्याने बॉल पायापासून लांब टाकला की.

कातळ, चिखल आणि पुळण

कोकणातली बरीच मैदानं सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची, खाली जांभा आणि वर पातळ लाल माती. डिसेंबरनंतर बॉल इथे उंच उसळतो आणि टप्पा पडल्यावर सरपटत वेग घेतो. त्यामुळे उन्हाळ्यात नियम एकच: आपल्या हाफमध्ये आलेल्या उंच बॉलचा टप्पा पडू द्यायचा नाही. पुढे जाऊन हवेतच घ्या, नाहीतर सरळ चार पावलं मागे हटून वाट बघा. टप्प्याच्या जवळ अर्धवट उभा राहिलेला स्टॉपर बॉल डोक्यावरून जाताना बघत बसतो. अशा मैदानावर लांब स्टडचे बूट घालू नका, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. टर्फ बूट, म्हणजे तळाला बारीक रबरी दाणे असलेले, इथे योग्य. लांब स्टड पावसाळी चिखलासाठी ठेवा. शिनगार्ड सरावातही घाला, नियमाने ते सामन्यात सक्तीचे आहेतच.

जून ते सप्टेंबर उलटं चित्र. डबक्यात बॉल जागीच थांबतो, म्हणून गोलकीपरला जमिनीवरून बॅक पास देऊ नका. पावसाळ्यातले कितीतरी गोल याच एका चुकीतून होतात. बॉलच्या बुडाखाली पाय घालून उचलून मारा, साइडलाइनच्या बाहेर गेला तरी चालेल. सामन्याआधी मैदानाचा फेरफटका मारून पाणी कुठे साचलंय ते चारही बॅकनी स्वतः बघावं. भात कापून झाल्यावर कुणग्यात खेळणाऱ्या मुलांनी आधी बांधालगतचे धसकट उपटून घ्यावेत, अनवाणी पायाला ते सहज लागतात.

स्लाइडिंग टॅकल कातळावर शिकवू नका. मांडी सोलवटून निघते आणि मुलाच्या मनात कायमची भीती बसते. त्यासाठी पुळणीवर जा, ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. वेळ काढायला किनाऱ्यावर ठाऊक असलेला हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे 15, तिची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला वाळू सगळ्यात जास्त उघडी. चतुर्थीला भरती तीनला, तेव्हा संध्याकाळचा सराव पुळणीवर ठेवण्यात अर्थ नाही, सकाळी नऊच्या आधी जा. हा अंदाज आहे, पाव-अर्ध्या तासाचा फरक पडतो, सरावाला तेवढा चालतो.

टॅकल अशी: बॉल साधारण एक मीटरवर असताना आधाराचा पाय गुडघ्यात दुमडून त्या मांडीच्या बाजूवर बसायचं, दुसऱ्या पायाने बॉल बाहेरच्या बाजूला झाडायचा, तळवा जमिनीलगत. तळवा वर उचलला, स्टड दिसले की कार्ड. पडल्यावर दोन सेकंदांत उभं राहणं हाही टॅकलचाच भाग समजा. पुळण समुद्राकडे उतरती असते आणि एकाच दिशेने धावत राहिलं तर एक पाय कायम खाली पडतो, त्यातून कंबर आणि गुडघा दुखतो. म्हणून जितकं जाणं तितकंच परत येणं. पहिले दोन आठवडे 20 मिनिटांपेक्षा जास्त नको, आठवड्यातून दोनदाच. अनवाणी धावण्याआधी शिंपले, जाळ्यांचे तुकडे, गळ यांसाठी पट्टा चालत तपासा.

चौघांची लाइन

एकटा स्टॉपर कितीही चांगला असो, शेजाऱ्याशी अंतर बिघडलं की सगळं फुकट. मिलानच्या बॅकलाइनमधे फ्रांको बारेसी होता, प्रशिक्षक अरिगो साक्की बॉलशिवायच संघाला मैदानभर सरकवत सराव घेई. तेच स्वस्तात करता येतं. आठ-आठ मीटरच्या तीन दोऱ्या घ्या, काथ्याच्या चालतील. चार बॅकनी शेजाऱ्याबरोबर एकेक दोरी हातात धरायची. कमरेला बांधू नका, एक पडला तर चौघे पडतात. प्रशिक्षक बॉल हातात घेऊन मैदानाच्या रुंदीत इकडून तिकडे चालतो आणि चौघे त्याच्याबरोबर सरकतात. दोरी ताणली गेली म्हणजे फट पडली. दोरी जमिनीवर लोळली म्हणजे दोघे एकमेकांवर चढले आणि पलीकडची बाजू उघडी पडली. दहा मिनिटं चालत, मग दहा मिनिटं हलकं धावत. तिसऱ्या-चौथ्या सरावात दोऱ्या काढून घ्या, अंतर तोवर अंगात भिनलेलं असतं.

मग वर-खाली. लाइन कधी वर न्यायची आणि कधी मागे पाडायची याच्या खुणा मुलांना पाठ हव्यात. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यावर आपला माणूस चढलाय, किंवा त्याने आपल्या गोलकडे पाठ फिरवलीय, किंवा त्याने मागे पास दिलाय, तर चौघेही वर, चार-पाच मीटर, एकाच हाकेवर. तो मोकळा आहे, मान वर आहे, पाय मागे खेचतोय, तर लगेच मागे. जिथे गोल बसतात तिथे शंभरात नव्वद वेळा तिघे वर गेलेले असतात आणि चौथा खाली राहिलेला असतो. म्हणून हाक एकानेच द्यायची, बहुतेक वेळा डावीकडच्या किंवा उजवीकडच्या स्टॉपरने, सामन्याआधी ठरवून.

ऑफसाइड ट्रॅप म्हणजे लाइन एकदम वर नेऊन आघाडीपटूला ऑफसाइड पकडणं. त्याबद्दल स्पष्ट सांगायचं तर तालुका पातळीच्या स्पर्धेत तो खेळू नका. लाइनवर झेंडा घेऊन बऱ्याचदा आयोजक क्लबचाच कार्यकर्ता उभा असतो, आणि 1990पासून बचावपटूच्या बरोबरीत असलेला आघाडीपटू ऑनसाइड धरला जातो, म्हणजे चुकायला जागाच नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवर, नोंदणीकृत असिस्टंट रेफरी असतील तरच तो वापरा.

नियमातली आणखी एक गोष्ट प्रत्येक स्टॉपरला ठाऊक हवी. गोलची उघड संधी फाउल करून अडवली तर रेड कार्ड. पण 2016पासून, पेनल्टी एरियात बॉल खेळण्याचा खरा प्रयत्न करताना फाउल झाला तर पेनल्टी आणि यलो. जर्सी ओढली, हात धरला, धक्का दिला तर मात्र तिथेही रेडच. म्हणजे 16.5 मीटरच्या आत हात पूर्णपणे अंगाजवळ.

हेडिंग, आणि डोक्याची किंमत

इथे घाई करू नका. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. 2019च्या निष्कर्षात स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीनपट आढळलं. 2021मध्ये मैदानावरच्या जागेनुसार आकडे आले तेव्हा बचावपटूंमध्ये धोका सगळ्यात जास्त, साधारण पाचपट, आणि गोलकीपरमध्ये जवळजवळ वाढ नाही. अमेरिकेत 10 वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

आपल्याकडे पाळायला सोपा नियम: बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडिंग नाही. बारा ते पंधरा फक्त हाताने हलका टाकलेला बॉल, एका सरावात पाच, आठवड्यात एकच असा सराव. त्यापुढे आठवड्याला दहा जोराचे. बॉलमध्ये हवा कमी बाजूला ठेवा. नियमात 0.6 ते 1.1 वातावरण दाब चालतो, सरावाला 0.6 पुरे. पाणी प्यायलेला, शिवण उसवलेला जुना बॉल हेडिंगला कधीही घेऊ नका, तो जड झालेला असतो.

तंत्र असं: कपाळ, टाळू नाही. डोळे उघडे, तोंड बंद, मान ताठ, आणि बॉलने आपल्याला मारायच्या आधी आपण बॉलला मारायचं. बचावातलं हेडर उंच, लांब आणि बाजूला जायला हवं. मधे पडलेलं हेडर म्हणजे समोरच्या मिडफिल्डरला दिलेला पास. उडी एका पायावर, दोन-तीन पावलं धावून. पुयोलने 2010च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये 73व्या मिनिटाला जर्मनीवर केलेला गोल पुन्हा पाहा. शावीच्या कॉर्नरवर तो बॉक्सच्या बाहेरून धावत आला आणि त्याच्याहून उंच माणसांच्या वर पोचला. जागेवरून उडणाऱ्याला ही उंची मिळत नाही. कॉर्नर वाचवतानाही हेच: माणसाला चिकटून उभं राहू नका, अर्ध्या हाताचं अंतर ठेवा, म्हणजे धावायला जागा राहील.

डोक्याला डोकं आपटलं तर खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. "ठीक आहे मी" हे त्याचं म्हणणं धरू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात अडखळणं दिसलं तर थेट हॉस्पिटल. जर्नेल सिंग 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके असताना फायनल खेळला, स्टॉपर असून सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरला आणि दक्षिण कोरियावर गोल केला. भारत 2-1 जिंकला. त्या धैर्याला सलाम करावा, आणि आपल्या मुलाला मात्र बाहेर बसवावं.

गुडघा आणि मांडी

फिफाचा '11 प्लस' वॉर्मअप 20 मिनिटांचा आहे: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाचं धावणं. आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केल्यास दुखापती ठळकपणे कमी होतात. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग स्टॉपरने सोडू नये. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबर न मोडता जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळा, मग सात ते दहा, पुढे बारा ते पंधरा. पहिल्या आठवड्यात मांडीची मागची बाजू दुखते, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

दमट हवेत पाण्याकडे लक्ष हवंच. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या दोन-तीन तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर प्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकम घातलं तर मुलं आवडीने पितात.

कागद

घरचे बहुधा याकडे दुर्लक्ष करतात आणि मग अडकतात. महाराष्ट्रात राज्य संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. जिल्हा संघटनेशी जोडलेल्या क्लबमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या प्रणालीत मुलाची नोंदणी लवकर करून घ्या. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव, स्पेलिंगसकट, एकच असू द्या. शाळेतून सुब्रतो कप, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडच्या शालेय स्पर्धा खेळल्यास प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत जपा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण मिळवायला मूळ प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते.

बाराव्या वर्षापासूनची नोंदणी गावच्या क्लबच्याही फायद्याची आहे. फिफाच्या नियमात खेळाडू पुढे पैसे मोजून आंतरराष्ट्रीय बदलीत गेला तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 वयाच्या दर वर्षासाठी 0.25 टक्के, 16 ते 23 साठी 0.5 टक्के. नोंद नसेल तर दमडी मिळत नाही.

व्यावसायिक करार हाती आला की चार गोष्टी बघा: मुदत, मानधनाची तारीख, दुखापतीचा खर्च कोणाकडे, आणि सोडून जायची अट. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, 18 वर्षांखालच्यासाठी तीन. दोन महिन्यांचं मानधन बेकायदा थकलं, तर क्लबला लेखी कळवून 15 दिवसांची मुदत देऊन करार मोडायचा हक्क फिफा देते. कोऱ्या कागदावर सही कुणालाच नको, ओळखीच्या एजंटलाही नको.

निवृत्तीकडे

स्टॉपर बत्तिशी-तेहेतिशीपर्यंत खेळतो, जागा वाचता येत असेल तर पुढेही. पण प्रशिक्षकपदाची तयारी शेवटच्या सामन्यानंतर सुरू करणं उशिराचं. प्रशिक्षकाचं पहिल्या पायरीचं डी लायसन्स अजून खेळत असतानाच, सुट्टीच्या महिन्यात करून टाका. त्यापुढे सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष टीमबरोबर काम करावं लागतं, त्यामुळे वर्षं जातात. अभ्यासक्रमांची जाहिरात राज्य संघटनेकडे येते, जागा मोजक्या असतात. गोव्याचा डेरिक परेरा साळगावकर क्लबचा आणि भारताचा बचावपटू, पुढे त्याच्या हाताखाली महिंद्रा युनायटेडने 2005-06ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. डेंपो क्लबचा बचावपटू महेश गवळी निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांत गेला. मागून सगळं मैदान बघायची सवय असलेल्या माणसाला हे काम जमतं.

शरीर एकदम थांबवू नका. खेळ सुटल्यावर पहिले सहा महिने आठवड्याला चार दिवस सायकल किंवा पोहणं, दोन दिवस मांड्यांचे व्यायाम. गुडघ्याची कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजलेली असते, त्यावर वाढलेलं वजन पडलं की जिने चढणंही जड जातं. गावात मुलांना शिकवायला लागलात तर हेडर स्वतः मारून दाखवू नका, बॉल हाताने टाका. सोळा मुलांची तुकडी, 75 मिनिटं: 20 वॉर्मअप, 15 अडवून धरणं, 20 दोरीची लाइन, शेवटची 20 सामना. त्या सामन्यात एका बाजूच्या चौघा बॅकना एकच काम द्या, हाक ऐकल्याशिवाय वर जायचं नाही. पहिल्या महिन्यात दुसरं काही दुरुस्त करू नका.